‘नॉक जेवढा घट्ट तेवढा नेम पक्का’ हे साफ चुकीचंय, एकेक मुद्दा घेऊन सांगतो

गेले काही दिवस ‘पारंपरिक बाणासाठी देशी टिप्स’ नावाचा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, आणि जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत जी पोरं घरी बाण बनवतात ती तोच वाचून कामाला लागलीत. त्यात थोडक्यात असं लिहिलंय: नॉक दोरीवर जेवढा घट्ट तेवढा नेम पक्का, सैल वाटला तर दोरीला मागाचं सूत गुंडाळा, लाकडी बाणाची खाच कुठल्याही बाजूने कापली तरी चालते, टेपर (टोकाला शंकूसारखा उतार) वगैरे लागत नाही, सुपरग्लू लावला की झालं, प्लास्टिकचा नॉक लावला की बाण पारंपरिक राहत नाही, आणि पिसं कुठल्याही दिशेला असली तरी फरक पडत नाही. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, कमी खर्चात पोरांनी खेळावं असं वाटलं असेल, पण यातल्या पहिल्या तीन गोष्टींनी धनुष्य मोडू शकतं आणि हातात लाकूड घुसू शकतं, म्हणून गप्प बसवत नाही.

नवीन लोकांसाठी एवढंच, बाणाच्या मागच्या टोकाला दोरी बसायची जी खाच असते तो नॉक, मग तो लाकडातच कापलेला असो नाहीतर वरून चिकटवलेली प्लास्टिकची टोपी असो.

आता पहिला दावा. घट्ट नॉक दोरी सोडताना दोरीला चिकटून राहतो, बाण सुटायचा त्या क्षणी सुटत नाही, आणि घरी बनवलेल्या सहा बाणांत प्रत्येकाचा घट्टपणा वेगळा असतो त्यामुळे सहाही बाण वेगवेगळे पडतात, मग पोरगं म्हणतं माझा रिलीज (दोरी सोडायची पद्धत) खराब आहे. रिलीज खराब नसतो रे, नॉक बघ आधी. सैल नॉक तर त्याहून वाईट, खेचता खेचता बाण दोरीवरून अर्धा इंच पुढे सरकतो, कळत नाही, आणि सोडलं की ड्राय फायर, म्हणजे बाणाशिवायच दोरी सुटते. जी ताकद बाणात जायला पाहिजे ती धनुष्यातच राहते, लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन भुजा) तडकतात, बांबूचं धनुष्य तर उभं चिरतं.

मग बरोबर फिट कसं ओळखायचं? धनुष्य आडवं धरा, दोरी जमिनीकडे, बाण दोरीला लावून टोक खाली लोंबकळत सोडा. तो स्वतःच्या वजनाने पडता कामा नये. आता नॉकपासून दोन बोटं अंतरावर दोरीला टिचकी मारा, बाण लगेच सुटून पडला पाहिजे. दोन-तीन टिचक्यांनी पण पडला नाही तर घट्ट, न मारताच पडला तर सैल. बस, एवढीच टेस्ट, आणि ती प्रत्येक बाणाची वेगळी करायची, एका बाणावरून सगळ्यांचा अंदाज धरायचा नाही.

घट्ट असेल तर बारीक पॉलिश पेपर दुमडून खाचेत दोन-चार वेळा फिरवा आणि परत टेस्ट करा. सैल असेल तर नॉकला हात लावू नका, दोरीचं सर्व्हिंग बदला, म्हणजे मधल्या भागावर जो धागा गुंडाळलेला असतो तो. हा धागा इंचाच्या हजाराव्या भागात 18, 21, 24 अशा जाडीत मिळतो, एक पायरी जाड घेतला की बहुतेक वेळा काम होतं. त्या मेसेजमधलं मागाचं सूत इथे चालत नाही. सोलापूरची चादर नि टॉवेल ज्या सुताचे त्याचा मलाही अभिमान आहे, पण सूत घाम पितं, त्याला लव सुटते, बोटांच्या घर्षणाने झिजतं, म्हणजे सकाळी बसलेलं फिट दुपारी राहत नाही. सर्व्हिंगला विणलेला नायलॉनसारखा धागा पाहिजे. सूत कुठे चालतं ते पुढे सांगतो, कारण एका ठिकाणी ते खरंच उत्तम आहे.

खाच कुठूनही कापा म्हणणारा दावा वाचून तर मला रागच आला. बाणाच्या लाकडी काठीचं मागचं टोक उजेडात धरून बघा, वर्षकड्यांच्या बारीक समांतर रेषा दिसतील. खाच त्या रेषांना आडवी कापायची, काटकोनात. रेषांच्या दिशेनेच कापली तर दोरी पाचरीसारखं काम करते आणि काठी रेषेतून उभी फाटते. मागच्या महिन्यात ग्राउंडवर एका पोराच्या हातातला असाच बाण बघितला, मी म्हटलं काय करलालास बे, दाखव जरा, तर खाचेच्या बुडातून चार बोटं चीर गेलेली आणि तो त्याच बाणाने अजून मारणार होता. आडवी खाच कापण्याचा दुसरा फायदा म्हणजे काठीची ताठ बाजू आपोआप धनुष्याकडे येते आणि सगळे बाण सारखे वाकतात.

हॅक्सॉची दोन-तीन पाती टेपने एकत्र बांधा, पाव इंचापेक्षा जरा जास्त खोल कापा, बूड गोल घासून घ्या, कोपरा ठेवला की चीर तिथूनच सुरू होते. आणि खाचेच्या लगेच खाली सूत घट्ट गुंडाळून त्यावर ग्लू पाजा, अर्धा इंच तरी. हीच ती जागा जिथे मागाचं सूत वापरायचं. बांबूला वर्षकडी नसते त्यामुळे बाजू कुठली हा प्रश्न नाही, पण तो पोकळ असतो, म्हणून खाचेच्या खाली पेराची गाठ येईल असाच तुकडा निवडा, आणि गुंडाळी इथेही पाहिजेच.

टेपरचं म्हणाल तर वरून चिकटवायचा नॉक आतून शंकूसारखा असतो, 11 अंशाचा, काठीपण तशीच छिलावी लागते (पुढच्या टोकाला 5 अंश, दोन्हीत गल्लत करू नका). सरळ कापलेल्या टोकावर ग्लू भरून बसवलेला नॉक कधीच सरळ बसत नाही. बाण नखांवर ठेवून फिरवा, नॉक डोलताना दिसला की तो बाण बाजूला, कारण इंडियन राउंडच्या (बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धेच्या) 30 मीटरला कदाचित चालून जाईल, 50 मीटरला नाही. नॉक काठीच्या मापाचाच घ्या, 5/16 इंच म्हणजे साधारण 8 मिमी, 11/32 म्हणजे पावणेनऊ. सुपरग्लू चिकटतो, नाही म्हणत नाही, पण क्षणात धरतो, नॉक फिरवून नीट लावायला वेळच देत नाही, आणि धक्क्याला ठिसूळ. फ्लेचिंगचा, म्हणजे पिसं चिकटवायचा, ग्लू वापरा.

प्लास्टिक म्हणजे पारंपरिक नाही? खाचेला दुसऱ्या टणक वस्तूचा आधार देणं हीच जुनी पद्धत आहे. 1545 ला बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी जहाजावर जे बाण सापडले, त्यांच्या खाचेत शिंगाची पातळ पट्टी बसवलेली होती, लाकूड फाटू नये म्हणून. जपानी बांबूच्या बाणाला शिंगाचा नॉक असायचा. तुर्की बाणाचा नॉक तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, म्हणजे दोरीला स्वतःहून धरून राहणारा. ज्याला शिंग किंवा लाकडाची खाच पाहिजे त्याने जरूर करावी, मला स्वतःला ती जास्त आवडते, पण बारा वर्षांच्या पोराला चांगला बसलेला प्लास्टिकचा नॉक द्यायला लाजू नका.

पिसांचा मुद्दा पटकन. तीन पिसं असतील तर वेगळ्या रंगाचं पीस खाचेला काटकोनात आणि धनुष्याच्या उलट बाजूला, नाहीतर पिसं धनुष्याला घासतात. बऱ्याच नॉकवर एक छोटा उंचवटा असतो, तो बोटाला लागला की न बघता बाण बरोबर लावता येतो.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच आणि ती पाहिजे होती. एका बाणावर दुसरा बाण आदळला की नॉक नखाने दोन्ही बाजूंना हलकेच फाकवून बघा. केसाएवढी चीर दिसली तरी काढून टाका, मे महिन्यात उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या प्लास्टिकचं तर दर वेळी बघा. काढताना जाळू नका, लाकूड करपतं, ब्लेडने उभा छेद देऊन सोलून काढा, टेपरवरचा जुना ग्लू पॉलिश पेपरने घासा, नवा नॉक चिकटवा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी परत टिचकीची टेस्ट घ्या.