मी ब्रेकवर पाय ठेवलेलाच नव्हता

पुण्यात दुचाकीचा स्टँड खाली राहिला तर पाच अनोळखी माणसं जिवाच्या आकांताने ओरडून सांगतात. मोटारीचे ब्रेकलाइट सतत चालू राहिले तर मात्र कुणी बोलत नाही, नुसते मागून हॉर्न मारतात. नळ स्टॉपपासून पौड फाट्यापर्यंत एक रिक्षावाला माझ्यामागे तेच करत होता. शेवटी सिग्नलला शेजारी येऊन त्याने मला काच खाली करायला लावली.

"काका, जायचंय का थांबायचंय, एकदा काय ते ठरवा!"

मला वाटलं, माझ्या वेगाबद्दल बोलतोय. ते मी रोज ऐकतो.

खरं दुखणं महिनाभर आधीचं. एक्स्प्रेसवेवर तळेगावच्या पुढे क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडीने आपणच वेग सांभाळायची सोय, लावून मी पाय मोकळा केला, तर गाडीने आपणहून क्रूझ सोडला. पुन्हा लावला, पुन्हा सोडला. वर इंजिनचा पिवळा दिवा. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, तर कोड आला पी०५०४. ब्रेकच्या पेडलपाशी एक स्विच असतो आणि त्याच्या पोटात दोन कॉन्टॅक्ट. पेडल दाबलं की एक जुळतो, दुसरा तुटतो. म्हणजे दोघांनी कायम एकमेकांच्या विरुद्ध बोलायचं. दोघांचं एकमत झालं की गाडीच्या कॉम्प्युटरला संशय येतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी आणि खजिनदारांचंही तसंच आहे. ते एका सुरात बोलायला लागले की आम्ही हिशेबाच्या वह्या मागवतो.

"स्विच बदलू," सर्व्हिस सेंटरचा मुलगा म्हणाला. "नाहीच गेलं तर हार्नेस, म्हणजे वायरिंग बघू. आणि तरीही नाही गेलं, तर मग... ईसीएम." ईसीएम म्हणजे गाडीचा तो कॉम्प्युटरच. हा शेवटचा शब्द त्याने लग्नाच्या हॉलचं भाडं सांगावं तसा हळूच उच्चारला. मी घाईघाईने स्विचवर समाधान मानलं.

नव्या स्विचवर चार दिवस बरे गेले. त्यातल्याच एका रविवारी गाडी झाडताना पेडलखालच्या मॅटवर पांढरट, टणक, ठिसूळ तुकडे सापडले. मी चिरंजीवांना खाली बोलावलं. "गाडीत पेपरमिंट खायचं नाही, किती वेळा सांगितलंय?" तो म्हणाला, "मी नाही खाल्लं." मी म्हणालो, "मग काय गाडीने खाल्लं?" आणि पुरावा सुपलीत भरून कचऱ्यात टाकला.

रिक्षावाला भेटला तो त्याच आठवड्यात. त्या रात्री अकराला गाडी लावली, सकाळी नऊला सेल मारला, तर नुसतंच टक टक टक. समोरच्या बाल्कनीतले काका चहा घेत बघत होते.

"तुमचे मागचे लाल दिवे रात्रभर चालू होते. मी दोनला पाणी प्यायला उठलो, तेव्हाही होते."

"अहो, मग सांगायचं ना!"

"मला वाटलं, तुम्ही आत बसलाय."

"रात्री दोनला?"

"घरोघरी काय चाललेलं असतं, आपण कशाला विचारा?"

हे दिवे थेट बॅटरीवरून चालतात, किल्ली काढली म्हणून विझत नाहीत. एकवीस वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर. पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे दहा तास. हिशेब इतका चोख की मला क्षणभर कौतुकच वाटलं.

शेवटी वडील खाली उतरले. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलेलं. मी मल्टीमीटर पुढे केला, त्यांनी तो परत केला आणि खिशातून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी. शेजाऱ्यांच्या गाडीवरून करंट घेतला. आता पेडलच्या वर बघायचं, तर डोकं पेडलपाशी, पाठ सीटवर आणि पाय हेडरेस्टवर टाकावे लागतात. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला तसं कसं बसवणार, म्हणून मी बसलो. वडील दाराशी खुर्ची टाकून हुकूम सोडत होते. येणारेजाणारे माझ्या मोज्यांना नमस्कार करून जात.

"स्विचच्या वायरींचा कपलर काढ." काढला. मागचे दिवे विझले. "म्हणजे वायरिंग निर्दोष. परत लाव. आता स्विचची दांडी अंगठ्याने दाब." दाबली, दिवे विझले. सोडली, लागले.

"स्विचही चांगला आहे," वडील म्हणाले. "पेडल वर आलं की दांडी कोण दाबतं?"

मी टॉर्च मारला. पेडलच्या पट्टीवर दांडीच्या बरोबर समोर एक गोल भोक होतं आणि दांडी त्यातून आरपार मजेत बाहेर आली होती.

"इथे कुणीच नाही, बाबा."

"बटण असतं तिथे. प्लॅस्टिकचं. जुनं झालं की ठिसूळ होऊन तुटतं. आधी अर्धवट तुटलं असेल, म्हणून तुझे ते दोघे अधूनमधून एका सुरात बोलत होते. तुकडे खाली मॅटवर असतील बघ. पांढरे."

मी पाय हेडरेस्टवर तसेच ठेवून बराच वेळ गप्प राहिलो.

भोकात नटबोल्ट आवळून तात्पुरती सोय केली आणि नाना पेठ गाठली. दुकानदाराने मान वर न करता गाडी विचारली, साल विचारलं, एक पुडी काउंटरवर टाकली. "तीस रुपये. दोन घ्या, क्लचचंही तुटेल."

"ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही."

"मग एकच घ्या." आणि दुसरी पुडी त्याने काढून घेतली.

घरी आलो तर चिरंजीव दारातच. आजोबांनी सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्याने पुडीतलं बटण हातात घेतलं, उजेडात धरून नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, हे तू खाऊन दाखव."