‘घरबसल्या डॉक्टरकी’ म्हणणाऱ्या हितचिंतकांस

आईच्या पोटाच्या डायलिसिसवरच्या (मूत्रपिंडं निकामी झाल्यावर नळीने पोटात औषधी पाणी सोडून नि ते परत काढून रक्त साफ करायचं, तो प्रकार) माझ्या लेखाखाली ‘एक हितचिंतक’ या नावाने आपण लिहिलंत: “घरबसल्या डॉक्टरकी करू नका. कॅल्शियमच्या गोळीला बदनाम करून पेशंटला घाबरवताय. सेवेलामर (फॉस्फरस अडवणारी, पण कॅल्शियम नसलेली गोळी) महाग आहे, गरिबाने काय करायचं? पाण्यातलं कॅल्शियमही मिलिग्रॅममध्ये लिहिलंय, ते चूक. राग मानू नका.”

मिलिग्रॅमची चूक कबूल. लिटरला १.७५ मिलिमोल असं हवं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘घरबसल्या’. हो, घरीच बसलो होतो. देवगडला, नऊ वर्षं, दिवसाला चार पिशव्या. मे महिन्यात खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. पावसात लाईट गेली की पुतण्या बॅटरी धरायचा नि मी नळी जोडायचो. बाहेर आलेलं पाणी गढूळ तर नाही ना, हे रोज उजेडाकडे धरून बघायचो. आपण एक तरी पिशवी बदलली आहेत का? नसेल तर हा शब्द जरा जपून वापरा.

आणि गोळीला मी बदनाम केलेलं नाही. मूत्रपिंडं गेली की रक्तात साचणारं जेवणातलं फॉस्फरस आतड्यातच अडवायला ती देतात, म्हणून ती जेवतानाच घ्यायची. हे आईला कुणी सांगितलंच नाही. ती सकाळी चहाच्याही आधी तीन गोळ्या एकदम गिळायची. रिकाम्या पोटात अडवायला फॉस्फरस नसतं, कॅल्शियम मात्र रक्तात उतरतं. वर पोटात सोडायचं पाणी १.७५ चं, म्हणजे जास्त कॅल्शियमचं. पीटीएच (हाडांतल्या कॅल्शियमची देवघेव चालू ठेवणारं संप्रेरक) इतकं खाली गेलेलं की हाडं सुस्तावलेली, ती कॅल्शियम उचलेनात. मग ते जाणार कुठे? सहाव्या वर्षी पोटाचा बाजूने एक्स-रे काढला, तर मणक्यांपुढे महाधमनीत साचलेल्या कॅल्शियमची पांढरी रेघ, खडूने ओढावी तशी. त्यानंतर पाणी १.२५ चं झालं, गोळ्या कमी झाल्या. रेघ तशीच राहिली. केडीआयजीओ या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही कॅल्शियमच्या गोळ्यांचं प्रमाण मर्यादित ठेवा असंच सांगतात. त्यांनाही ‘घरबसल्या’ म्हणणार का तुम्ही?

महागाईबद्दल काय बोलू, तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. फॉस्फरसने भरलेले सुके बोंबील, सोडे नि कोलाची बाटली कमी करायला तरी पैसे पडत नाहीत. (बोंबलावरून आई माझ्याशी चार दिवस बोलली नव्हती, ते वेगळं.)

राग मानू नका म्हणालात. मानलाय. टोपणनावाआडून ‘डॉक्टरकी’ म्हणायचं आणि वर हितचिंतक म्हणवून घ्यायचं, ही कुठली रीत? डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करा, असं लेखात कुठे आहे ती ओळ दाखवा. दाखवलीत तर आज रात्रीच लेख काढून टाकतो.