पैसे उचलायला एक क्षण, परत द्यायला मात्र ‘प्रक्रिया’

क्रेडिट कार्डाचे 31,460 रुपयांचे बिल मी मुदतीच्या आधीच भरले, रक्कम जमा झाल्याचा संदेशही बँकेने पाठवला, आणि तरीही शेवटच्या तारखेला सकाळी सकाळी त्याच बँकेने माझ्या बचत खात्यातून ऑटो डेबिटने (आधी दिलेल्या परवानगीनुसार होणाऱ्या आपोआप वसुलीने) तेवढीच रक्कम पुन्हा उचलली. कारण विचारले, तर ऑटो डेबिटची यादी आधीच तयार झालेली असते आणि मधल्या काळात भरलेले पैसे त्या यादीत दिसत नाहीत, असे उत्तर मिळाले. जिला पैसे मिळाल्याचा संदेश पाठवता येतो, पण स्वतःची यादी दुरुस्त करता येत नाही, अशा यंत्रणेचा भुर्दंड ग्राहकाने का सोसायचा?

आता ही रक्कम कार्डाच्या स्टेटमेंटवर ‘सीआर’ (क्रेडिट, म्हणजे ग्राहकाची जमा) अशी खूण लावून ऐटीत बसली आहे. कॉल सेंटरच्या बाई गोड आवाजात सांगतात की, सर, काळजी करू नका, पैसे सुरक्षित आहेत, पुढच्या खरेदीत वळते होतील. म्हणजे माझेच पैसे मला हवे असतील, तर मी आधी यांच्या कार्डावर तेवढ्याची खरेदी करायची! एटीएममधून काढतो म्हटले, तर शिल्लक माझी असली तरी रोख उचलीचे शुल्क लागेलच, हेही त्यांनी तितक्याच गोडीने सांगितले. कार्डावर पडून असलेल्या या पैशांवर व्याज नाही. बचत खात्यात ते असते, तर रोजच्या शिलकीवर थोडे का होईना, मिळाले असते. आणि हीच बाकी माझ्याकडे थकली असती, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावताना यांना कोणतीही प्रक्रिया आडवी आली नसती.

सांगलीत विश्रामबागच्या शाखेत गेलो, तर ‘कार्ड विभाग वेगळा आहे, इथून काही होत नाही’ असे सांगून मला पुन्हा त्याच कॉल सेंटरचा क्रमांक देण्यात आला. पैसे उचलताना बचत खाते आणि कार्ड एका घरचे असतात, परत देताना मात्र भाऊबंदकी सुरू होते.

संताप याचा आहे की नियम स्पष्ट आहे. कार्ड खात्यातील जमा रक्कम बँक खात्यात वळवण्याची मागणी ग्राहकाने केली, तर ती तीन कामाच्या दिवसांत पूर्ण करावी, असे रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत लिहिले आहे. हे वाक्य वाचून दाखवल्यावर, ते फक्त खरेदीच्या परताव्याला लागू होते, असे मला ऐकवण्यात आले. कलमाच्या आधीच्या भागात परताव्याचा विषय आहे हे खरे. पण मागणीच्या वाक्यात कार्ड खात्यातील जमा रक्कम एवढेच म्हटले आहे, ती कशामुळे जमा झाली याची अट घातलेली नाही. कार्ड बंद करण्याच्या विनंतीवर सात कामाच्या दिवसांत कार्यवाही झाली नाही, तर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड द्यावा लागतो; तसा दंड या तीन दिवसांच्या मुदतीलाही जोडला असता, तर या गोड आवाजांना नियमाचा अर्थ चटकन समजला असता.

त्यात कहर म्हणजे, या दुहेरी वसुलीमुळे बचत खात्यातील शिल्लक किमान मर्यादेखाली गेली आणि त्याबद्दल बँकेने मलाच शुल्क लावले. लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईल, आणि त्या अर्जात मूळ रकमेबरोबर हे शुल्कही मागितलेले असेल.