दोरेच्या बायबलमधल्या रेषा कोणाच्या?

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव दोरे याची बायबलमधली चित्रं व्हॉट्सॲपवर फिरतात, तेव्हा सोबत बहुधा असा मजकूर असतो: दोरेने ही दोनशेहून अधिक चित्रं एकट्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरली, आणि त्यांत बायबलचा काळ हुबेहूब उतरला आहे. यातली संख्या तेवढी बरोबर आहे.

तांब्याचा मुद्दा चटकन निकालात निघतो. फ्रान्समधल्या तूर शहरात प्रकाशक आल्फ्रेद माम यांनी १८६६ साली काढलेल्या या बायबलमधली चित्रं लाकडी ठशांवरची आहेत. बॉक्सवूडच्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा, तो गुळगुळीत करायचा आणि पोलादी टोच्याने कोरायचं. या झाडाचं खोड बारीक असतं, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडून एक ठोकळा करत.

‘एकट्याने’ हा शब्द मात्र मला खरोखर खुपतो. दोरे पांढऱ्या रंगाचा हात दिलेल्या ठोकळ्यावर कुंचल्याने, करड्या-पांढऱ्या छटांत चित्र रंगवायचा. त्या छटांच्या रेषा करायच्या, त्या कोरक्यांनी, म्हणजे ठोकळे कोरणाऱ्या कारागिरांनी. लाकडाला करडा रंग ठाऊक नाही. जिथे कोरलं तिथे कागद पांढरा राहतो, जिथे सोडलं तिथे शाई लागते. त्यामुळे रेषा किती जाड, किती जवळ, कुठे वळवायची, हे कोरक्यालाच ठरवावं लागे. महापुराचं चित्र बघा. खडकावर चढवलेली मुलं, पिल्लाला घेऊन बसलेली वाघीण, भोवती उसळतं पाणी. ओली कातडी, दगड आणि फेस यांत जो फरक जाणवतो, तो अशा रेषांमुळेच. शिवाय कोरताना ठोकळ्यावरचं मूळ चित्र नाहीसं व्हायचं. चुकलं तर ताडून बघायलाही काही उरत नसे.

हे कोरके निनावी नव्हते. बहुतेक चित्रांच्या खाली एका कोपऱ्यात दोरेची सही, तर दुसऱ्यात कोरक्याची असते: एलिओदोर पिसाँ, आदोल्फ पानमाकेर आणि असे कितीतरी जण. चित्र पाठवताना लोक नेमका तोच काठ कापून टाकतात. मजकुराभोवतीची नक्षीही दोरेची नाही, ती एक्तोर जाकोमेली यांची. यात दोरेचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. मांडणी, प्रकाश, गर्दीचा तो अफाट आवाका त्याचाच. पण रेषांचं श्रेय पिसाँ-पानमाकेर यांच्यापासून काढून घेणं अन्यायाचं आहे.

राहिला ‘हुबेहूब’चा दावा. बॅबिलोन-निनेव्हे या प्राचीन शहरांच्या दृश्यांतले पंखधारी बैल आणि दाढीवाले राजे हे एकोणिसाव्या शतकाचंच देणं आहे. फ्रेंच बोता आणि इंग्रज लेयार्ड यांनी १८४० च्या दशकात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उत्खनन केलं आणि अशी शिल्पं पॅरिस-लंडनच्या संग्रहालयांत पोचली. तिथून ती चित्रांत आली. बाकी डोंगरकडे, वादळी ढग आणि वरून कोसळणारा उजेड हा तर त्या काळच्या युरोपीय रंगभूमीचा आणि निसर्गचित्रांचा थाट आहे.