जमालपूरचा जवान आणि काकूंचा वाटा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या निवृत्त सुभेदारांवरचा लेख मनापासून आवडला. पहिली मराठा लाइट इन्फंट्री, १९७१ ची लढाई, आणि पुढे आयुष्यभर नेमानं हरिपाठ. पण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरची लढाई एका ओळीत उरकायला नको होती. आमचे बाबाही त्याच पलटणीतले, म्हणून लिहावंसं वाटलं. जमालपूरच्या पाकिस्तानी ठाण्याला वेढा पडल्यावर आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल पत्र धाडलं, तर समोरच्या बलुच पलटणीच्या कमांडरनं उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली! १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला, तो मराठ्यांनी हाणून पाडला. ११ तारखेला जमालपूर हाती आलं, १६ ला ढाक्यात शरणागती.

बाबा घरात यावर फारसं बोलत नसत. एकादशीला मात्र ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला जायचे. पाठ ताठ, एकदा मांडी घातली की आरती होईपर्यंत हलायचे नाहीत. रोज सांजवात लावताना ते गेलेल्या सोबत्यांची नावं पुटपुटतात, हे आम्हाला आईकडून कळलं.

लेखकाला एक विनंती. सुभेदारांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या वाट्याला लेखात जेमतेम एक वाक्य आलंय. नवरा आघाडीवर, घरात सासू-सासरे, लहान पोरं, आणि खबर काय ती आकाशवाणीवरच्या बातम्यांची नाहीतर उशिरा येणाऱ्या पत्राची. ते दिवस त्यांनी कसे काढले, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. कृपा करून पुढचा भाग त्यांच्यावर लिहा, आणि लवकर लिहा.