‘आपोआप सुचते तीच कविता’: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

नव्याने कविता लिहू पाहणाऱ्यांसाठी एक सल्ला वेगवेगळ्या शब्दांत सतत फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: कविता शिकून येत नाही, वेदना खरी असली की शब्द आपोआप उमटतात, वृत्त, छंद, यमक या जुन्या बेड्या आहेत, इतरांच्या कविता फार वाचू नयेत, कारण त्यात आपला आवाज हरवतो, पहिल्या झटक्यात कागदावर उतरले तेच अस्सल, त्याला पुन्हा हात लावणे हा अप्रामाणिकपणा, आणि कोणी दोष दाखवलाच, तर त्याला कविता कळत नाही असे समजावे. सल्ला देणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. व्याकरणाची आणि वृत्तांची भीती घालून नवख्यांना गप्प करणारे लोक आहेतच, आणि त्यांच्यापासून नवख्याला वाचवावे असे कोणालाही वाटेल. परंतु या सल्ल्याचा तोटा नेमका त्या नवख्यालाच होतो. पहिल्या काही कवितांनंतर तेच ते शब्द पुन्हा येऊ लागले की त्याच्यापाशी करण्यासारखे काहीच उरत नाही. आपल्यात मुळात ‘ते’ नसावेच असा निष्कर्ष काढून तो लिहिणे सोडून देतो.

वेदनेपासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे मुद्दे तिच्यावर उभे आहेत. या मताच्या पुष्टीसाठी वाल्मीकींची कथा हमखास सांगितली जाते. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतील नर निषादाच्या बाणाने मेला, मादीचा आक्रोश ऐकून ऋषींचे हृदय कळवळले आणि शोकाचाच श्लोक झाला. कथा खरोखर सुंदर आहे. मात्र रामायणाच्या बालकांडात ती येथे संपत नाही. श्लोक तोंडून निघाल्यावर वाल्मीकी स्वतःच चकित होतात आणि शिष्य भरद्वाजाला सांगतात की हे उद्गार चरणांत बांधलेले, समान अक्षरांचे आणि वीणेच्या लयीवर गाता येण्याजोगे आहेत, म्हणून याला श्लोकच म्हणावे. म्हणजे आदिकवीचे पहिले लक्ष आपल्या शोकाच्या खरेपणाकडे गेले नाही, ते ओळींच्या घडणीकडे गेले. शिवाय आठ अक्षरांच्या चरणांचा हा अनुष्टुभ छंद वैदिक वाङ्मयात आधीपासून रुळलेला होता. वेदाध्ययनात मुरलेल्या कानाला शोकाच्या क्षणी ती लय सापडली, यात आश्चर्य नाही. कान तयार नसता, तर त्या शोकाचा केवळ आक्रोश झाला असता, आणि तो तर क्रौंचीनेही केला होता.

वेदना खरी आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. वाचकासमोर फक्त शब्द असतात. ‘तुझ्या जाण्याने माझ्या आयुष्यात न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे’ ही ओळ लिहिताना कवीचे डोळे भरून आलेले असू शकतात, आणि तरीही वाचक ती शोकसंदेशासारखी वाचून पुढे जातो. ‘तुझा चष्मा अजून खिडकीतच आहे, काचेवरचा बोटाचा ठसा मी पुसलेला नाही’ असे लिहिले, तर दुःख हा शब्द कोठेही न येता ते वाचकापर्यंत पोहोचण्याची शक्यता निर्माण होते. भारतीय काव्यशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. ‘नाट्यशास्त्र’कार भरताच्या सूत्रानुसार रसाची, म्हणजे रसिकाला येणाऱ्या भावानुभवाची, निष्पत्ती विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून होते, म्हणजे प्रसंग, वस्तू, हालचाली आणि मनाच्या बदलत्या छटा यांतून; आणि अकराव्या शतकातील काव्यशास्त्रकार मम्मटाने रसाचे किंवा भावाचे थेट नाव घेऊन तो सांगणे हे रसदोषांतच गणले आहे. नवख्याने आपल्या कवितेतील ‘वेदना’, ‘दुःख’, ‘एकटेपणा’, ‘प्रेम’ हे शब्द एकदा खोडून पाहावेत आणि मग काय उरते ते वाचावे. बऱ्याचदा काहीच उरत नाही, आणि कामाची सुरुवात तेथूनच होते.

‘कविता शिकून येत नाही’ या विधानात प्रतिभेचा प्रश्न दडलेला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मम्मट काव्याच्या हेतूत, म्हणजे कारणांत, तीन गोष्टी सांगतो: शक्ती, म्हणजे प्रतिभा, लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या निरीक्षणातून येणारी निपुणता, आणि काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणीनुसार केलेला अभ्यास. या तिन्ही गोष्टी मिळून एकच हेतू होतो, तीन वेगळे हेतू नव्हेत, असेही तो स्पष्ट करतो. याउलट सतराव्या शतकातील जगन्नाथ पंडित केवळ प्रतिभा हेच काव्याचे कारण मानतो. फिरत्या सल्ल्याला हा मोठाच आधार वाटेल. पण तीच प्रतिभा काही वेळा दैवी कृपेने, तर काही वेळा व्युत्पत्ती, म्हणजे व्यासंग, आणि काव्य रचण्याच्या अभ्यासानेही उत्पन्न होते, असे जगन्नाथ लगेच पुढे म्हणतो. त्याच्याही कितीतरी आधी दंडी या काव्यशास्त्रकाराने असे आश्वासन दिले होते की जन्मजात प्रतिभा नसली, तरी श्रवणाने आणि यत्नाने उपासलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच. नवख्याला धीरच द्यायचा असेल, तर हा श्लोक त्या साऱ्या सल्ल्यापेक्षा अधिक धीर देतो.

वृत्त आणि छंद या बेड्या आहेत असे म्हणणाऱ्याने निदान एकदा त्या घालून पाहिलेल्या असाव्यात, एवढी माफक अपेक्षा आहे. प्रारंभासाठी गणवृत्तांचे कोष्टक पाठ करण्याची गरज नाही. ‘मोठा अभंग’ या छंदाचे उदाहरण पुरेसे आहे. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ या तुकारामांच्या ओळी बोटांवर मोजल्या, तर सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे भरतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. या मापात स्वतःचे एक कडवे लिहायला बसले की पहिल्याच प्रयत्नात कळते की आपल्या वाक्यातले ‘खूप’, ‘अगदी’, ‘आहे’ हे शब्द बिनकामाचे होते. सहा अक्षरांत बसत नाही म्हणून शोधलेला दुसरा शब्द पहिल्यापेक्षा नेमका निघाला. आणि शेवटच्या चार अक्षरांच्या चरणावर वाक्य आपोआप जोर घेते. माप असे शब्दांची निवड करायला भाग पाडते. अर्थात अक्षरे बरोबर भरली म्हणजे कविता झाली असे मुळीच नाही. मापात चोख बसलेली आणि तरीही निर्जीव अशी पद्ये ढिगाने लिहिली गेली आहेत.

मुक्तछंदात लिहिणाऱ्यांना यातून सुटका मिळते हीदेखील गैरसमजूतच आहे. तेथे ओळ कोठे तोडायची, श्वास कोठे घ्यायचा, कोणता शब्द पुन्हा आणायचा, हे प्रत्येक वेळी स्वतः ठरवावे लागते, कारण ठरवून द्यायला वृत्त नसते. मराठीत मुक्तछंदाचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींचा ‘दशपदी’ हा बांधीव रचनाप्रकार घडवला, आणि त्याच नावाच्या संग्रहासाठी त्यांना 1977 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

वाचनाने आवाज हरवतो ही भीती मला सर्वांत घातक वाटते. जो कविता वाचत नाही, तो प्रभावमुक्त असतो हे खरे नाही. त्याच्या कानात चित्रपटगीते, जाहिराती, शुभेच्छासंदेश आणि शाळेत पाठ केलेली दोन-चार पद्ये असतात, आणि तो नकळत त्यांचीच नक्कल करतो. प्रभाव टाळता येत नाही, फक्त निवडता येतो. या संदर्भात इंग्रज कवी जॉन कीट्सचे एक वाक्य फार वापरले जाते. झाडाला पाने फुटावीत इतक्या सहजतेने कविता येत नसेल, तर ती न आलेलीच बरी, असे त्याने 1818 च्या एका पत्रात लिहिले. पण त्याच कीट्सची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी मानली जाणारी कविता 1814 ची आहे, आणि तिच्या शीर्षकातच त्याने ती स्पेन्सर या सोळाव्या शतकातील कवीचे अनुकरण असल्याचे सांगून टाकले आहे. झाडाला पाने फुटण्याआधी मुळांनी काय शोषून घेतले, हे त्या वाक्याबरोबर कोणी सांगत नाही. नवख्याने आवडलेली एक कविता हाताने उतरून काढावी, मोठ्याने म्हणावी, तिची वाक्यरचना आणि ओळींची लांबी तशीच ठेवून वेगळ्या विषयावर लिहून पाहावे. हा सराव आहे. तो स्वतःची निर्मिती म्हणून मिरवू नये, इतके पथ्य पुरे.

आता पहिल्या खर्ड्याच्या पावित्र्याविषयी. दहाव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कवीच्या दिवसाची आखणी दिली आहे. पहिला प्रहर अध्ययनासाठी, दुसरा रचनेसाठी, भोजनानंतरचा काव्यगोष्टीसाठी, म्हणजे रसिकांसोबतच्या काव्यचर्चेसाठी, आणि चौथा सकाळी लिहिलेल्या कवितेच्या परीक्षणासाठी. परीक्षण का, याचे कारणही तो देतो: रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची दृष्टी विवेक करणारी नसते, म्हणून नंतर तपासावे. या तपासणीची चार कामे त्याने नोंदवली आहेत, आणि त्यांत आजही भर घालण्यासारखे फारसे नाही: जास्तीचे टाकणे, कमी पडले ते भरणे, जागा चुकलेले बदलणे आणि विसरलेले पुन्हा जोडणे. आवेशाला येथे कमी लेखलेले नाही. त्याला फक्त दुसरा प्रहर दिला आहे, चारही नव्हे.

प्रत्यक्षात नवख्याला सर्वाधिक फायदा ‘जास्तीचे टाकणे’ यातून होतो. बहुतेक सुरुवातीच्या कवितांत पहिल्या दोन-तीन ओळी विषयाकडे चालत येण्यात खर्च होतात आणि शेवटच्या दोन ओळी आधीच सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ समजावून सांगतात. दोन्ही टोके कापून पाहावीत. कविता काही दिवस बाजूला ठेवून नंतर मोठ्याने वाचली, तर जीभ जेथे अडखळते ती जागा कानाला आधी कळते, डोळ्यांना नंतर. पहिला खर्डा जपून मात्र ठेवावा, कारण दुरुस्तीतही चुका होतात आणि कधीकधी मूळ शब्दच बरोबर ठरतो.

दोष दाखवणाऱ्याला कविता कळत नाही, हा शेवटचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या 1922 च्या दीर्घकवितेतून त्याचा कविमित्र एझरा पाउंडने ओळीच्या ओळी कापल्या होत्या. 1971 मध्ये मूळ हस्तलिखिते प्रसिद्ध झाली तेव्हा ते सर्वांना पाहता आले. एलियटने ती कविता पाउंडलाच अर्पण केली. मात्र अभिप्राय कोणाचा घ्यावा हे ठरवावे लागते. राजशेखराने रसिकांचे चार प्रकार सांगितले आहेत: काहीच न रुचणारा अरोचकी, गवतासकट सगळे खाणारा सतृणाभ्यवहारी, मत्सरी, आणि तत्त्वाकडे लक्ष देणारा तत्त्वाभिनिवेशी. कवितेखाली क्षणात ‘वा, अप्रतिम’ असे लिहिणारे कोणत्या गटात मोडतात, हे सांगण्याची गरज नाही. चौथा प्रकार दुर्मीळ असतो. तो भेटला, तर ‘कशी वाटली?’ असे मोघम विचारू नये. कोणती ओळ काढली तरी चालेल आणि कोणत्या ठिकाणी अर्थ सुटला, असे दोन नेमके प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळत असताना आपल्या कवितेचे स्पष्टीकरण देऊ नये.