नोकरी बदललीत? मग जरा दमानं मरा

वडिलांनी पन्नाशीनंतर नोकरी बदलली असेल, तर पेढे नंतर वाटा. आधी त्यांना बजावून ठेवा की काही झालं तरी सहा महिने जायचं नाही. नोकरीच्या वर्षांवरून कंपनी देते त्या ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते, पण माणूस गेला की ती माफ. कायदा दयाळूच आहे. फक्त हिशेब नव्या कंपनीतल्या पुऱ्या वर्षांचा होतो, आणि वरचे महिने सहाच्या पुढे गेले तरच त्यांचं वर्ष धरतात. म्हणजे चौथ्या महिन्यात गेलात तर अट माफ, रक्कम शून्य!

वेळ साधणं जमणार नसेल तर निदान नाव तरी एकच ठेवा. आधारवर दत्तात्रय, जुन्या कंपनीत दत्तात्रेय, नव्या कंपनीत नुसतेच डी. आर. हयात असेपर्यंत हा एकच माणूस होता. गेल्यावर तिघं झाले, आणि तिघांतलं नेमकं कोण वारलं हे सिद्ध करायचं काम तुमचं.

मग एचआरकडे जा. तिथला मुलगा फार अदबीनं सांगेल, "तुमच्या बाबांचं आमच्याकडे वर्ष भरलं नव्हतं ना, विमा नाही बसत." तुम्ही मान डोलवा. पीएफसोबतच्या ईडीएलआय विम्यात शेवटचे सलग बारा महिने दोन कंपन्यांत मिळून भरले तरी चालतात, २०२५ पासून मधला ६० दिवसांपर्यंतचा खंडही मोजत नाहीत, आणि अशा वारसांना किमान अडीच, कमाल सात लाख मिळतात, असलं काही बोलायचा आगाऊपणा करू नका. नियम माहीत असलेला वारस कुठल्याच टेबलाला आवडत नाही. त्यातून जुन्या कंपनीनं पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नसेल तर मजाच. नवे म्हणतील जुन्यांकडे जा, जुने म्हणतील ते आता आमचे कुठे? (निरोप समारंभात मात्र 'आपल्या कुटुंबातला माणूस' म्हणून शाल दिली होती.)

नॉमिनी? वडिलांनी लग्नाआधी धाकट्या भावाचं नाव घातलं आणि नंतर त्या कागदाकडे पाहिलंच नाही. पीएफच्या नियमात लग्न झालं की ते नामांकन आपोआप बाद होतं. हे काकांना तुम्हीच सांगा, शक्यतो तेराव्याचं जेवण झाल्यावर.

आईचं पेन्शन तेवढं सोपं. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवा पेन्शन मिळतं. फॉर्म १०-डी भरा. किमान रक्कम महिना १,००० रुपये, २०१४ साली ठरलेली. एवढ्या पैशांचं आई करणार काय, कुठे गुंतवणार, ही काळजी काकांवर सोडा.